घराचा तिसरा हिस्सा

आप्पांच्या तेराव्यानंतर त्यांच्या सूनबाईंनी एक वही माझ्या हातात ठेवली. "तुमच्या नावाची आहे, आम्ही ठेवून काय करणार?" म्हणाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली वही. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली आप्पांच्या वळणदार अक्षरात माझं नाव आणि साल, 2007. त्या वर्षी मी अमेरिकेला एम.एस. करायला गेले. जाण्याआधीचे दोन महिने आप्पा रोज संध्याकाळी ही वही घेऊन आमच्या सोप्यात बसत. तेव्हा मला त्या वहीचा मनापासून राग यायचा.

आप्पा आमच्या नात्यातले नव्हते. सांगलीच्या गावभागात आमच्या घराला त्यांच्या घराची भिंत लागून होती, एवढंच नातं. एका साखर कारखान्याच्या अकौंट खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आई ब्लाऊज शिवायची. मी वालचंद कॉलेजातून सिव्हिलची पदवी घेतली, जीआरई दिली आणि दोन विद्यापीठांची पत्रं आली. एक पूर्व किनाऱ्यावरचं, नाव घेतलं की माणसं मान डोलवायची असं खासगी विद्यापीठ. दुसरं अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका राज्याचं सरकारी विद्यापीठ. त्याचं नाव सांगलीत कुणी ऐकलेलं नव्हतं. पुण्यातल्या ज्या सल्लागाराकडून मी अर्ज भरले होते, तो म्हणाला, "नाव बघा, खर्च काय, वर्षात वसूल होतो." बाबांनी ते वाक्य जसंच्या तसं आप्पांना सांगितलं. आप्पांनी विचारलं, "वसूल कोण करणार आणि कुठून, हे लिहून दिलंय का त्याने?"

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले.

पहिल्या विद्यापीठाचा फी आणि राहणं-खाणं मिळून वर्षाचा खर्च 50,000 डॉलर होता, दुसऱ्याचा 20,000. दोन वर्षांचे झाले 1 लाख आणि 40,000. डॉलर तेव्हा 41 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एकीकडे 41 लाख, दुसरीकडे 16 लाख 40 हजार. इथवरचं गणित मीही केलं होतं. आप्पांनी मात्र पान उभं आखून तीन रकाने पाडले: डॉलर 41, डॉलर 45, डॉलर 50. मी म्हटलं, "आप्पा, रुपया वधारतोय. पेपरात रोज येतंय." ते म्हणाले, "1991 च्या जुलैत मी कारखान्यात होतो. दोन दिवसांच्या अंतराने सरकारने रुपया दोनदा खाली आणला. परदेशातून यायच्या एका मशीनचा हिशेब एका आठवड्यात कोलमडला. कर्ज तू रुपयात काढणार, फी डॉलरात भरणार. मधला रस्ता तुझ्या हातात नाही, म्हणून तो लिहून ठेवायचा."

दुसरं पान कर्जाचं. बँकांच्या त्या वेळच्या नियमांनुसार 4 लाखांपर्यंत तारण लागत नसे, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चाले, त्यापुढे मालमत्ता तारण द्यावी लागे. शिक्षण संपल्यावर एक वर्ष, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यांतलं जे आधी येईल तेव्हापासून हप्ता सुरू. तोवर हप्ता नाही, पण व्याज साचत राहणार. मला वाटायचं, तोवर कर्ज झोपलेलं असतं. आप्पांनी दाखवलं की ते रात्रंदिवस जागं असतं. 8 लाख चार टप्प्यांत उचलले, व्याज 12 टक्के धरलं, तर पहिला हप्ता भरायच्या दिवशी ते 10 लाखांच्या घरात गेलेलं असेल. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेसतरा हजार. त्याच हिशेबाने खासगी विद्यापीठासाठी 30 लाख काढले असते तर हप्ता 65 हजारांच्या पुढे जात होता.

मग त्यांनी एक कोरं पान उलटलं आणि मथळा घातला: 'परत आली तर'.

मला ते अपशकुनासारखं वाटलं. मी उठून आत गेले. आईने मला पाणी दिलं, पण तीही काही बोलली नाही. बाहेर आप्पा बाबांना सांगत होते, "अमेरिकेच्या पगारावर कुठलंही कर्ज फिटतं हो. पुण्याच्या पगारावर फिटेल तेवढंच काढायचं. पोरीला परत यायला लागलं, तर हप्ता भरून खोलीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण उरलं पाहिजे." त्या पानावर त्यांनी लिहिलं: पगार 25,000, हप्ता 17,500, खोली 3,000, मेस 2,000, शिल्लक 2,500. आणि खाली रेघ मारली. 8 लाखांचा आकडा ठरला तो असा. साडेतीन लाख बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून, उरलेले पाच-एक लाख मी तिकडे कँपसवर काम करून मिळवायचे. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 20 तास काम करता येतं, तेवढ्यात ते बसत होतं. आईच्या पाटल्यांना आप्पांनी हात लावू दिला नाही. "त्या डॉलर 50 च्या रकान्यासाठी," म्हणाले.

मी एकदा चिडून म्हटलं, "शिष्यवृत्ती मिळाली असती तर फुकटात झालं असतं." आप्पा शांतपणे म्हणाले, "फुकटात कुणाचंच झालेलं नाही, बाळ." आणि त्यांनी बाबासाहेबांचं उदाहरण दिलं. सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, पण त्याआधी दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. पुढे लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला 1920 मध्ये ते परत गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं कर्ज यांवर. "एवढा मोठा माणूस," आप्पा म्हणाले, "पण कुणाचं किती घेतलंय, याचं विस्मरण त्यांना कधी झालं नाही. तू निदान लिहून तरी ठेव."

तारण द्यायला आमच्याकडे एकच गोष्ट होती, गावभागातलं घर. बँकेने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागितला, व्हॅल्युअर आला. 2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या सोप्यात छातीइतकं चढलं होतं. चुना दोनदा दिला तरी त्याची तपकिरी रेघ भिंतीवर उमटायचीच. व्हॅल्युअरने त्या रेघेला बोट लावलं, कागदावर काही खरडलं आणि घराची किंमत 12 लाख धरली. त्याहून मोठी अडचण सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर निघाली. आजोबांच्या पश्चात वारस नोंद झाली तेव्हा तीन नावं लागली होती: बाबा, इचलकरंजीचे काका आणि आटपाडीकडे दिलेली आत्या.

कागदपत्रं करणाऱ्या वकिलांनी सोपा उपाय सांगितला. "बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घ्या. सगळेच घेतात. एक सही कमी, एक कटकट कमी." बाबाही तयार झाले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. फक्त आप्पा आडवे आले. "हक्क सोडायला लावू नका. तिची सही तारण देणारी म्हणून घ्या. कर्ज फिटलं की तिचं तिला परत मिळेल असं काहीतरी कागदावर राहू दे." वकिलांना हे जादा काम होतं. आप्पा त्यांच्यासमोर खुर्चीत बसून राहिले, तो मसुदा होईपर्यंत.

आत्या सकाळच्या एस.टी.ने आली. डोक्यावरचा पदर नीट करत बँकेच्या बाकावर बसली. तिला चौथीपर्यंतचं अक्षर येत होतं. प्रत्येक कागदावर ती जीभ दातांत धरून, एकेक अक्षर वेगळं काढत सही करत होती. चौदा ठिकाणी तिने सही केली. शेवटच्या कागदाला अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, कशावर सही करताय कळलं ना? मुलीने कर्ज फेडलं नाही तर घर जाईल." आत्या म्हणाली, "ती न फेडून जाती कुटं?" मग पिशवीतून कागदात बांधलेलं एक डाळिंब काढून तिने माझ्या हातात दिलं. "बागंतलं पयलं हाय. विमानात खा."

त्या संध्याकाळी आप्पांनी वहीत खर्चाच्या रकान्यात आणखी एक ओळ वाढवली: 'आत्याबाईंचा तिसरा हिस्सा, रु. 4,00,000. दहा वर्षं अडकेल.' तशीच एक ओळ काकांची. मी म्हटलं, "आप्पा, हा खर्च नाही. हे तर नुसतं तारण आहे. कुणाच्या खिशातून जात नाही." ते म्हणाले, "ज्या पैशाला दहा वर्षं हात लावता येत नाही, तो गेल्यातच जमा असतो. बँक हे लिहीत नाही, म्हणून आपण लिहायचं."

मुंबईत ब्रीच कँडीच्या वकिलातीबाहेर रांग लावून मी व्हिसा घेतला आणि ऑगस्टमध्ये गेले. पाणीपुरवठा आणि जलव्यवस्थापन हा विषय घेतला होता. पहिलं वर्ष चांगलं गेलं. रुपया खरोखरच 40 च्या आत आला, तेव्हा आप्पांच्या तीन रकान्यांची मला गंमत वाटली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि मार्च 2009 पर्यंत डॉलरने पन्नाशी ओलांडली. शेवटच्या सेमिस्टरसाठी बँकेने पाठवलेल्या रुपयांचे डॉलर हिशेबापेक्षा कमी भरले. आईने पाटल्या सोनेतारणाला ठेवल्या. आप्पांचा तिसरा रकाना अक्षरशः वापरात आला.

मे महिन्यात पदवी मिळाली. बांधकामाचं क्षेत्र सर्वांत आधी बसलं होतं. पदवीनंतर काम करण्याची वर्षाची मुभा होती, पण तिच्यात 90 दिवसांहून जास्त बेकार राहता येत नव्हतं. मी फ्रीजवर दिनदर्शिका चिकटवून रोज एक दिवस खोडत होते. दोनशेच्या वर अर्ज केले. पंच्याऐंशीव्या दिवशी विमानाचं तिकीट काढलं. माझ्याच वर्गात मोठ्या कर्जावर आलेला एक मुलगा होता. त्याला परतणं परवडणारच नव्हतं. नोकरीशिवाय व्हिसा टिकवायला त्याने आणखी एका कोर्सला नाव घातलं, म्हणजे आणखी कर्ज. माझं दुःख मोठं होतं, पण मला परतता येत होतं. हा फरक माझ्या हुशारीने पडलेला नव्हता. तो आप्पांच्या एका पानाने पडला होता.

सांगलीत उतरल्यावर मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी आप्पा आले. सांत्वन केलं नाही, बोलही लावला नाही. वही उघडून 'परत आली तर' हे पान माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "आपण हे पान आधीच पुरं केलंय. आता फक्त पगाराचा आकडा खरा भरायचा." पुण्यात पाणीयोजनांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत मी 28,000 वर लागले. आप्पांच्या अंदाजाहून तीन हजार जास्त. सात वर्षं हप्ता एकदाही चुकला नाही. पहिली काही वर्षं त्यापलीकडे फारसं काही उरलंही नाही. व्याजावर आयकरात आठ वर्षं सवलत मिळते, हेही मला आप्पांनीच सांगितलं होतं. 8 लाखांपायी सात वर्षांत साडेचौदा लाखांच्या आसपास भरले. शेवटचा हप्ता गेला 2017 मध्ये. तो बघायला आप्पा नव्हते.

बँकेने घराचे मूळ कागद परत दिले. ते पिशवीत घालून मी आटपाडीची एस.टी. धरली, ज्यांचं होतं त्यांना आधी दाखवायचं म्हणून. आत्याच्या वस्तीवर गेले, तर जिथे डाळिंबाची बाग होती तिथे बाजरीची धाटं उभी होती. आत्याने चहा टाकला. कागद हातात घेतले, आपली सही शोधली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि परत दिले. मी विचारलं, "आत्या, बाग?" ती म्हणाली, "ती व्हय, दुष्काळात गेली."

2012-13 चा तो दुष्काळ. जत, आटपाडी, पलीकडे माण-खटाव, सगळीकडे जनावरं चारा छावणीत आणि माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. ज्यांना टँकर विकत घेणं जमलं त्यांनी बागा जगवल्या. ते मला माहीत होतं. मी पुण्यात बसून त्याच भागातल्या योजनांचे नकाशे काढत होते. पण आत्याच्या बागेचं मला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा मुलगा दारात उभा होता, तो हळूच म्हणाला, "आई तवा म्हनली हुती, सांगलीच्या घरातला हिस्सा मागावा. भावानं न्हाई म्हटलं नसतं. मग तीच म्हनली, नगं, पोरीचं कर्ज हाय त्याच्यावर." आत्याने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. मला म्हणाली, "तुजं शिकणं झालं न्हवं? मग हाय काय त्यात. झाडं परत लावता येत्यात."

त्या वेळी तिचं वय सत्तरीच्या पुढे होतं. झाडं तिने परत लावली नाहीत.

परतीच्या गाडीत मला आप्पांची ती ओळ आठवली: 'दहा वर्षं अडकेल.' जो आकडा मी खर्च मानायला तयार नव्हते, तोच माझ्या शिक्षणातला सर्वांत महाग आकडा होता. बँकेचं कर्ज मी व्याजासकट फेडलं आणि त्याचा दाखला फाइलमध्ये आहे. पण आत्याची बाग कुठल्या हप्त्याने फेडायची? मी पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. पुढे तिच्या नातवाच्या शिक्षणाचा खर्च मी उचलला, तो तिने "तुमचं तुमी बघा" म्हणत होऊ दिला. ती फेड नव्हे, हे मला कळतं. ऋणानुबंध हा शब्द आपण फार सहज वापरतो, लग्नपत्रिकेत आणि श्रद्धांजलीत. त्यातलं ऋण हे खरंखुरं कर्ज असतं. कुणाच्या तरी घरात त्यापायी चणचण भासलेली असते, हे मी त्या वस्तीवर शिकले.

आता ओळखीपाळखीतली मुलं माझ्याकडे येतात. मी तीच वही काढते, आकडे नवे घालते. डॉलर 85 च्या पुढे गेला, तेव्हा रकाने 90, 95 आणि 100 चे पाडले. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं, पण व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे, 2025 मध्ये 11,904 युरो, आधी खात्यात अडकवावे लागतात. ते आणायचे कुठून, हा प्रश्न फी नसली तरी उरतोच. कॅनडाने हाताशी दाखवायची रक्कम वर्षानुवर्षं 10,000 कॅनेडियन डॉलर ठेवली होती, ती जानेवारी 2024 मध्ये एकदम 20,635 केली. ब्रिटनचं मास्टर्स बहुधा एका वर्षात उरकतं, म्हणून राहण्याचा खर्च वाचतो. पण नोकरी शोधायची वेळ कॉलेज सुरू झाल्या-झाल्याच येते. व्याजावरची आयकराची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, हे बऱ्याच जणांना हप्ते सुरू झाल्यावर कळतं. अनुसूचित जातीतल्या मुलांना मी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज आधी भरायला लावते, मग कर्जाकडे वळू देते.

आणि सगळ्यांना 'परत आली तर', 'परत आला तर' हे पान लिहायला लावते. मुलं नाराज होतात. मीही झाले होते. जाऊ नका असं मी कुणालाच म्हणत नाही. त्या दोन वर्षांनी मला माझं काम दिलं. पाणी कसं मोजायचं, वाटायचं, हे मी तिथे शिकले आणि त्यावरच आजवर जगते आहे. पण जे कर्ज इथल्या पगारावर फिटणार नाही, ते घेऊन निघालेल्या मुलाला परतीची वाट उरत नाही, आणि परतीची वाट नसलेला माणूस तिकडे मिळेल ती अट मान्य करतो.

शेवटी मी त्यांना एक यादी करायला सांगते. कर्जाच्या कागदावर ज्यांच्या सह्या आहेत त्या प्रत्येकाचं नाव, त्याने काय गहाण टाकलं, ते किती वर्षं अडकेल आणि मधल्या काळात त्या माणसाला गरज पडली तर काय करायचं. ही यादी त्या माणसांच्या समोर बसून, मोठ्याने वाचायची. मी 2007 साली हे केलं असतं, तर आत्याला निदान एवढं कळलं असतं की मागता येतं.

तुमच्या घरातून कुणी शिकायला बाहेर निघालं असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी ही यादी करा. आत्या, मावशी, आजी, ज्यांना कुणी विचारत नाही आणि ज्या नाही म्हणत नाहीत, त्यांची नावं तिच्यात सर्वांत वर लिहा.